जुनी ठासणीची रायफल घेतोय (फ्लिंटलॉक, पेनसिल्व्हेनिया) – काय काय बघून घेऊ?

ॲलनटाउनकर
नमस्कार मंडळी. इथे बंदुकीवर धागा काढणारा मी पहिलाच असेन, सांभाळून घ्या.

आमच्या पेनसिल्व्हेनियात नाताळ झाला की दुसऱ्या दिवसापासून हरणांचा फ्लिंटलॉक (चकमकीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकीचा) सीझन लागतो. ऑफिसातला एक मित्र दरवर्षी सोबत नेतो, मी आपला थर्मास धरायला. यंदा शिकारीचा कोर्स केला, लायसन्स काढलं, वरचं मझललोडरचं (तोंडातून दारू-गोळी ठासायच्या बंदुकीचं) लायसन्सही घेतलं. आता रायफल हवी.

जवळच्या एका दुकानात कुणीतरी विकायला ठेवलेली थॉम्प्सन/सेंटरची हॉकन आहे. .५० कॅलिबर, चकमकीची, २८ इंची अष्टकोनी नळी, दोन चाप, पितळी साज. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे सत्तरच्या दशकातली. ४५० डॉलर सांगतोय. अक्रोडाचा दस्ता सुरेख आहे, पितळ तर आरशासारखं चमकतंय. फोटो टाकलेत. घ्यावी का? आणि घेण्याआधी नक्की काय तपासू?

नळीवाला
चमकणारं पितळ बघूनच मला शंका आली. विकणाऱ्याने बाहेरून भरपूर हात फिरवलाय. तुम्ही दस्त्याचे, डबीचे, घोड्याचे फोटो टाकलेत, नळीच्या तोंडाचा एकही नाही. या रायफलीची किंमत नळीच्या आत असते. लाकडाची भेग सांधता येते, लॉक नवं बसवता येतं, पण आटे (गोळीला फिरकी देणारे नळीतले चर) गंजाने खाल्ले असतील तर उरते ती भिंतीवर टांगायची वस्तू.

कामावर निघालोय, संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर पैसे देऊ नका.

झणझणीत
हॉकन म्हणजे ती डोंगरातल्या फासेपारध्यांची ना? दोनशे वर्षांची बंदूक ४५० डॉलरला मिळतेय आणि तुम्ही विचार करताय? उचला!

इंडियाना_ताई
झणझणीत, थांबा जरा. जेकब आणि सॅम्युएल हॉकन हे भाऊ सेंट लुइसला रायफली बनवायचे. जेकब १८४९ च्या कॉलऱ्यात गेला, सॅम्युएलने पुढे धंदा चालवला. त्यांच्या हातची अस्सल रायफल आता संग्रहालयात किंवा लिलावात दिसते, आणि ती घेऊन कुणी रानात जात नाही. थॉम्प्सन/सेंटरने न्यू हॅम्पशायरमधल्या रॉचेस्टरला १९७० च्या सुमारास 'हॉकन' नावाने जी रायफल काढली, तिचं अस्सल हॉकनशी नात्यापुरतंच साम्य. मूळच्या जड, लोखंडी साजाच्या आणि बहुतेक टोपीच्या (चकमकीऐवजी घोड्याखाली पेटणारी छोटी टोपी) होत्या. हिला पितळ भरपूर. पण अमेरिकेत दारू-गोळी ठासून शिकार करण्याची हौस पुन्हा घरोघरी पोहोचवली ती याच रायफलीने, हेही खरं. म्हणून जुन्या टीसीला (थॉम्प्सन/सेंटरला) आज मान आहे.

मी दरवर्षी इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या स्पर्धांना जाते. तिथल्या बाजारात अशा रायफली मांडून ठेवलेल्या असतात. चांगल्याही असतात, रद्दीही असते.

जंगलप्रेमी_७१
बिचाऱ्या हरणांनी तुमचं काय घोडं मारलंय? कॅमेरा घेऊन जा की.

ॲलनटाउनकर
आमच्याकडे पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी झालीत की रानात नवीन रोपटं तग धरत नाही आणि रस्त्यावर गाड्यांना धडकतात ते वेगळंच. किती आणि कुठे मारायची हे राज्याचं गेम कमिशन दरवर्षी ठरवतं. मटण घरी खातो, वाया जात नाही. यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

पुणेरी_पगडी
मला एक कळत नाही. टोपीची रायफल, म्हणजे परकशन, जास्त भरवशाची असते म्हणतात. पावसात, बर्फात चकमक कशाला?

ॲलनटाउनकर
कारण इथे त्या सीझनला दुसरी चालतच नाही. १९७४ मध्ये हा सीझन सुरू झाला तो चकमकीच्या बंदुकीसाठीच. ऑक्टोबरमध्ये मादी हरणांसाठी एक मझललोडर आठवडा असतो, त्यात टोपीची, इनलाइन (आधुनिक बनावटीची मझललोडर) सगळं चालतं. नाताळानंतर मात्र फक्त चकमक, .४४ किंवा त्याहून मोठं कॅलिबर, एक नळी, उघडी माशी. दुर्बीण नाही. हट्ट म्हणा, पण अठराव्या शतकात लँकेस्टर भागात जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली तो हाच मुलूख. त्याचा अभिमान इथे अजून आहे.

नळीवाला
आलो. आता सांगतो ते दुकानात करायचं आहे, म्हणून सावकाश वाचा.

सगळ्यात आधी: रायफल भरलेली आहे का? हसू नका. माळ्यावरून, तळघरातून निघालेल्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या सापडतात. आधीच्या मालकाने शेवटच्या दिवशी बार भरला, हरीण दिसलं नाही, तशीच ठेवून दिली. ती दारू पन्नास वर्षांनंतरही पेटते. पॅन (लॉकवरची रंजकाची, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूची वाटी) रिकामं आहे म्हणजे नळी रिकामी आहे असं नसतं.

नळीचं तोंड स्वतःपासून आणि बाकीच्यांपासून दूर ठेवा. गज हलकेच तळापर्यंत सोडा. तोंडाशी बोटाने खूण धरून गज बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून बघा, आतलं टोक कुठवर पोहोचलं ते. साध्या बुडाच्या रायफलीत ते रंजकाच्या कानापाशी (पॅनमधली आग नळीत जायच्या भोकापाशी) यायला हवं. टीसीत एक मेख आहे. तिच्या बुडाशी दारूसाठी नळीपेक्षा अरुंद खोली असते. गजाचं टोक त्यात शिरत नाही, म्हणून ते कानाच्या साधारण इंचभर अलीकडे थांबतं. तेवढ्याने घाबरू नका. पण दोन-तीन इंच अलीकडेच अडकलं तर आत काहीतरी आहे. रायफल काउंटरवर ठेवा, दुकानदाराला सांगा आणि ती रिकामी झाल्याशिवाय पुन्हा हात लावू नका.

आता नळी. छोटा दिवा मिळतो, दोरीला बांधून आत सोडायचा. तो नसेल तर मोबाइलचा उजेड तोंडातून टाका, पण त्यात बुडाजवळचं दिसत नाही, आणि गंज नेमका तिथेच असतो. दारू जळल्यावर उरणारी राख हवेतला ओलावा ओढून घेते. संध्याकाळी न धुता ठेवलेली नळी आठवड्यात खाल्ली जाते. काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स वापरलं असेल तर आणखी वाईट, कारण त्यात पर्क्लोरेट असतं आणि मागे क्लोराइड उरतं.

डोळ्यांपेक्षा हात जास्त सांगतो. सफाईचा गज न्या, त्याच्या टोकाला घट्ट बसणारी सुती चिंधी लावा, थोडं तेल, आणि सावकाश तळापर्यंत ढकला. नळी चांगली असेल तर पूर्ण लांबीभर सारखाच जोर लागतो. मध्येच खरखर जाणवली, एखाद्या ठिकाणी चिंधी अडली किंवा अचानक सैल झाली, तर ती जागा लक्षात ठेवा. बाहेर आल्यावर चिंधी काळी असली तर जुनी राख, तांबूस असली तर गंज. धागे उसवले असतील तर आत धारदार खड्डे आहेत.

टीसीचे आटे मुळातच उथळ, त्यामुळे थोडा गंजही पुरेसा होतो. आट्यांचा वळसा ४८ इंचात एक, म्हणजे मधला मार्ग: चिंधीत गुंडाळलेली गोल गोळीही चालते, लांबट गोळीही. फक्त गोल गोळीच मारायची असती तर मी लायमनची ग्रेट प्लेन्स सुचवली असती. तिचा वळसा ६० इंचात एक आणि नळी ३२ इंची.

कुडाळचा_बाबी
गजालीत मधीच येतंय. माका ह्या अमेरिकन बंदुकांतला काय कळत नाय, पण गज टाकून बघण्याबद्दल लिहिलंय ते वाचून बरा वाटला.

आमच्या आजोबांची ठासणीची होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. डुक्कर आणि माकडं. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. परत आणली की आजोबा काय करायचे? उंबऱ्याबाहेर उभे राहून पहिल्यांदा नळीत गज. स्वतःची बंदूक, स्वतः रिकामी करून दिलेली, तरी. पावसाळ्यात खोबरेल लावलेली चिंधी आत फिरवायचे.

झणझणीत
मग ॲलनटाउनकरांनी रायफल घेऊन थेट कुडाळलाच यावं. डुकरांची कमी नाही.

कुडाळचा_बाबी
आणि माका जामीन कोण देतलो? भारतात ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि १९७२ पासून रानात शिकार बंद. तिकडून बॅगेत घालून आणायचा विचार पण करू नका.

न्यूजर्सी_नवखा
मी एच-वन-बीवर आहे. पुलापलीकडे पेनसिल्व्हेनियात मित्र आहेत. मला अशी रायफल घेता येईल का? मझललोडर म्हणजे बंदूकच नाही, कागद लागत नाहीत, घरपोच मिळते, असं एकाने सांगितलं.

इंडियाना_ताई
अर्धवट सांगितलंय त्यांनी. १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुका 'अँटीक' मानल्या जातात, आणि फक्त काळी दारू ठासून चालणाऱ्या, तयार काडतूस न घेणाऱ्या मझललोडर नव्या बनावटीच्या असल्या तरी त्यातच येतात. केंद्राच्या दृष्टीने त्या 'फायरआर्म' नाहीत, म्हणून टीसी हॉकनसाठी दुकानात पार्श्वभूमी तपासणी होत नाही. पण ज्या इनलाइनला नळी बदलून काडतुसाची रायफल करता येते, ती या सवलतीत बसत नाही. थॉम्प्सन/सेंटरचीच एन्कोअर तशी आहे.

आणि हा झाला केंद्राचा नियम. राज्यांचे वेगळे. तुमच्या न्यू जर्सीत नव्या बनावटीच्या ठासणीच्या रायफलीलाही फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यात मनाई आहे, शिकारीचं लायसन्स असलेल्यांना त्यात सूट आहे, अँटीकचा मुद्दा आणखी निराळा. एवढे पदर असताना मित्राच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्ड रांगेत असताना वकिलाची एक तासाची फी परवडते.

न्यूजर्सी_नवखा
समजलं ताई. तूर्तास थर्मास धरतो.

नळीवाला
लॉकबद्दल राहिलं होतं. घोडा अर्ध्यावर चढवा, वर अंगठा ठेवून चाप दाबा. सुटता कामा नये. सुटला तर ती रायफल रानात धोकादायक. मग पूर्ण चढवून अंगठ्याने सावकाश खाली आणा, मध्ये कुठे अडखळतो का बघा. दोन चापांत मागचा ओढला की पुढचा हलका होतो. तो 'टक्' आवाज स्वच्छ यायला हवा.

चकमक ज्यावर आपटते तो पोलादी पल्ला, म्हणजे फ्रिझन, बघा. त्यावर उभे बारीक ओरखडे चालतील, खोल चर नकोत. दुकानदार हो म्हणाला आणि नळी रिकामी असल्याची खात्री झाली, तरच रिकाम्या पॅनवर एकदा ठिणगी पाडून घ्या. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या पॅनमध्ये पडून तडतडल्या तर उत्तम. लालसर, मरतुकड्या पडल्या तर आधी चकमक बदलून बघा, लगेच पल्ल्याला दोष देऊ नका. टीसीच्या सुरुवातीच्या चकमक-लॉकांबद्दल तक्रारी होत्या, पुढे कंपनीने रचना बदलली. म्हणून 'जुनी म्हणजे चांगली' हे इथे लागू नाही.

रंजकाचा कान गोल आहे की झिजून लांबट झालाय? लांबट असेल तर मालकाने खूप उडवली आहे किंवा तारेने कोरत बसलाय. पण तिथे बदलता येणारं लायनर (भोकाचं आट्यांनी बसवलेलं अस्तर) असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, घासाघीस करायला मुद्दा मिळाला एवढंच.

दस्त्यात मनगटाची जागा आणि लॉकमागचं लाकूड बघा. नळीवरचा नंबर 'के'ने सुरू होत असेल तर ती किटमधून घरी जोडलेली. काही किटवाले हात धुऊन मागे लागून सुंदर काम करतात, काहींनी कानस आणि देवावर सोडलेलं असतं.

पुणेरी_पगडी
आणि कंपनीची वॉरंटी?

नळीवाला
स्मिथ अँड वेसनने २००७ मध्ये कंपनी घेतली, पुढे कारखाना रॉचेस्टरहून हलला. सत्तरच्या दशकातल्या हॉकनला कुणी नवी नळी देईल असं धरून चालू नका. मात्र याच नळ्या पोखरून .५० च्या .५४ करून देणारे कारागीर आहेत. साडेचारशेची रायफल आणि वर ती मजुरी, एवढा हिशोब करूनच बोला.

ॲलनटाउनकर
जाऊन आलो. तुमचा मजकूर छापून नेला होता, दुकानदार आधी हसला, मग त्यानेच दिवा काढून दिला.

गज कानाच्या इंचभर अलीकडे थांबला. रिकामी आहे. नंबरात 'के' नाही. अर्ध्यावरचा घोडा पक्का. ठिणग्या पहिल्यांदा लाल, नवी चकमक लावल्यावर पिवळ्याधमक. कान लांबट, अगदी डोळ्यांना दिसण्याइतका.

नळी: तोंडापासून अर्ध्यापेक्षा पुढे लोण्यासारखी. बुडापासून वीतभर अंतरावर दोन-तीन इंच खरखर. चिंधी तिथे अडते, ओढली की निघते. पहिली काळी आली, दुसरी तांबूस, पाचवी जवळजवळ स्वच्छ. धागे उसवले नाहीत. दुकानदार म्हणतो ३५० ला न्या, गोळीबार करून पसंत नाही पडली तर आठवड्यात परत आणा.

नळीवाला
ही अट लिहून घ्या आणि न्या. धागे उसवले नाहीत हे महत्त्वाचं.

पण मैदानावर निशाण्याचा कागद बघण्याआधी चिंध्या गोळा करा. उडालेली चिंधी नळीपासून काही पावलांवर पडते. ती सपाट करून बघा. मधे काळा गोल आणि कडा शाबूत असतील तर नळी ठीक. मधे जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा गोळी सैल. आट्यांच्या ओळींवर कापली गेली असेल तर कडा किंवा खड्डे धारदार आहेत, आणि मग रायफल परत करा.

दारू अस्सल काळीच घ्या, बिनधुराची कधीच नाही. ती चमचाभरही या नळीत गेली तर नळी फुटते, हात जातो. पायरोडेक्ससारखे पर्याय चकमकीने नीट पेटत नाहीत, त्यांना जास्त उष्णता लागते. .५० ला दोन एफ किंवा तीन एफ, रंजकासाठी चार एफ (जितके एफ जास्त तितकी दारू बारीक). किती घालायची ते टीसीच्या जुन्या पुस्तिकेतून बघा, कुणाच्या फेसबुक पोस्टवरून नाही.

इंडियाना_ताई
काळी दारू सगळ्या दुकानांत मिळत नाही, कारण कायद्याने ती स्फोटक आहे आणि साठवायचे नियम कडक. अशा बंदुकांसाठी स्वतःपुरती ५० पौंडांपर्यंत घ्यायला केंद्राचा परवाना लागत नाही. मागवली तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं, म्हणून क्लबात चार जण मिळून मागवतात. तुमच्या जवळच्या क्लबात चौकशी करा.

ॲलनटाउनकर
क्लबातूनच मिळाली. काल मैदानावर गेलो होतो. .४९० ची गोळी, पंधरा हजारांश इंचाची चिंधी. घोडा पडला, पॅनमधून धूर आला आणि मग बार. तो मधला क्षण इतका लांब वाटतो की मान वर करायचा मोह होतो. मित्र मागून ओरडत होता, "हलू नकोस, हलू नकोस."

चिंध्या वेचल्या. गोल काळा डाग, कडा शाबूत. एक-दोन किंचित विरलेल्या, कापलेली एकही नाही. पन्नास यार्डांवर गोळ्या तळहातात मावतील इतक्या जवळ लागल्या. एकदा मात्र नुसतं पॅन पेटलं, आतला बार पेटलाच नाही.

नळीवाला
ठेवा रायफल. पॅन पेटून बार न पेटणं हे बहुतेक त्या अरुंद खोलीचं काम. नेहमीचा सफाईचा ब्रश तिथे पोहोचत नाही, त्यामुळे राख साचते. .३० च्या आसपासचा छोटा ब्रश घ्या. नळी हुकाची आहे, पाचर काढली की दस्त्यापासून सुटते. बूड गरम साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि चिंधीने वरखाली ओढा, कानातून पाणी आत-बाहेर खेळेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोरडी करून तेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवून तांबूस येते का बघा.

लायनर बदलण्याआधी त्यावर मुरणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. किल्ली खाचेत पूर्ण बसत नसेल तर जोर लावू नका, खाच गेली तर पोखरून काढावं लागेल. रानात जायच्या आधी पॅनमधली ओली रंजक फेकून कोरडी भरा, आणि दर तासाला बदला.

ॲलनटाउनकर
लायनर निघालं. आतल्या बाजूने काळ्या दगडासारखी राख बसली होती. नवीन मागवलंय.

झणझणीत
हरणाच्या सुक्क्याची पाककृती कुठल्या विभागात टाकणार ते आधीच सांगून ठेवा.